रोबो वाकेल हो, आधी घसा तर दाखवा

घशाच्या ऑपरेशनच्या रोबोवर एकदा बोललो काय, तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून एकदाच सांगून टाकतो.

प्रश्न: घशाचं ऑपरेशन रोबो आपोआप करतो का?
नाही. सर्जन हलवेल तेवढंच हलतं.

प्रश्न: घशातली गाठ कापायला लेसर आहे ना, मग रोबोची वाकणारी हत्यारं कशाला? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)
तोंडातून स्वरयंत्राकडे जाताना वाट जवळजवळ काटकोनात वळते. लेसरसाठी मान मागे टाकून लोखंडी नळीने ती सरळ करावी लागते, आणि दात पुढे असले किंवा मान आखडलेली असली की नळी बसणं अवघड होतं. अमेरिकेत 2015 मध्ये मंजूर झालेल्या फ्लेक्स नावाच्या रोबोमध्ये एकात एक दोन साखळ्या होत्या, एक ताठ राहते तोवर दुसरी पुढे सरकते, मग उलट, असं करत कॅमेरा वळणावरून आत जातो. अडचण अशी की वाकणारं हत्यार जोर लावला की स्वतःच वाकतं. आणि मागावर सूत ढिलं पडलं की कसं होतं, तसं आतली तार ढिली पडली की सर्जनचा हात आधी हलतो, हत्याराचं टोक मागाहून. प्रोजेक्ट करायचाय तर यावर कर बाबा. आणि तंबाखूचा मावा खाऊन तोंड दोन बोटंच उघडत असेल तर रोबोही जात नाही.

प्रश्न: पोस्टरवर ‘रोबोटिक टॉन्सिल’ वाचलं, मुलाचं करू का?
साध्या टॉन्सिलला रोबो लागत नाही, बिल लागतं. दा विंची नावाच्या रोबोला 2009 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली ती घशातल्या सुरुवातीच्या गाठींसाठी. मुलाला ऑपरेशन लागतंय का हेच आधी तपासून घ्या.

प्रश्न: सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत ओरडून आवाज बसला, विड्या ओढतो, हळद-दूध चालू आहे. रोबोने सुटेल का?
अहो, गड्डा जानेवारीत झाला, आता होळी आली! ओरडून बसलेला आवाज सहसा इतके दिवस बसून राहत नाही. तीन आठवड्यांवर गेला की दुर्बीण, विषय संपला. नाकातून बारीक वाकणारी दुर्बीण जाते, ओपीडीत, पाच मिनिटांत, भूल नाही. स्वरतंतूवरची कॅन्सरची गाठ बारीक असतानाच आवाज बदलते, म्हणजे शरीर स्वतः येऊन सांगतंय, आणि तेव्हा पकडली तर लेसर किंवा रेडिएशनवर बहुतेक वेळा भागतं. परवा एक मामा आले, पिशवीभर बाटल्या टेबलावर ओतल्या, आठ महिन्यांच्या, शेजाऱ्याने सांगितलेला काढा पण त्यात, आणि घशात एकदाही कुणी बघितलेलं नाही! गाठच असेल असं मी म्हणत नाही, पण न बघता नाही असंही म्हणणार नाही. जवळच्या कान-नाक-घसा डॉक्टरकडे याच आठवड्यात जा.

प्रश्न: आवाज रेकॉर्ड करून पाठवू का?
नको. दाखवायला या.