काओरू हे जपानी नाव पुरुषाचं की बाईचं? या नावाचे पाहुणे जपानहून आमच्या कारखान्यात येणार आहेत, त्यांना मेलमध्ये ‘सर’ लिहू की ‘मॅडम’?

दोघांचंही असतं. ‘अर्थ सुगंध आहे म्हणजे बाईच असणार’ असं तुमच्या ऑफिसात सगळे म्हणतायत, ते आधी डोक्यातून काढून टाका. आपल्याकडच्या सौरभचा अर्थ काय? सुगंधच ना? त्याला कोणी मॅडम म्हणतं का? तुम्ही मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहात असं लिहिलंय, म्हणजे शॉप फ्लोअरवर कुठेतरी फिशबोन डायग्राम (दोषाची कारणं माशाच्या काट्यासारखी मांडणारी आकृती) लावलेला असणारच. तो ज्यांच्यामुळे आला ते इशिकावा. त्यांचं पहिलं नाव काओरू, आणि ते पुरुष होते.

याच नावावरून एका मराठी पुस्तिकेत जे झालं ते सविस्तर सांगते, कारण तुमच्या मेलमध्येही तेच व्हायची वेळ आली आहे.

क्वालिटी सर्कलच्या, म्हणजे गुणवत्ता सुधारणाऱ्या कामगारांच्या छोट्या गटांच्या, प्रशिक्षणाची पुस्तिका होती. मजकूर थेट जपानीतून मराठीत आणलेला. सात क्यूसी टूल्स (गुणवत्ता नियंत्रणाची साधनं), आणि सुरुवातीला इशिकावांची ओळख: १९१५ साली टोकियोत जन्म, १९३९ मध्ये टोकियो इम्पीरियल विद्यापीठातून उपयोजित रसायनशास्त्राची पदवी, १९६२ मध्ये क्वालिटी सर्कलच्या चळवळीची सुरुवात, १९८९ मध्ये निधन. वडील इचिरो इशिकावा हे केईदानरेन या उद्योगसंघटनेचे पहिले अध्यक्ष. मजकूर छपाईआधी तपासायला गेला. तपासणाऱ्यांनी बाळांच्या नावांची कुठलीशी वेबसाइट उघडली, तिथे ‘काओरू, मुलगी, सुगंध’ असं सापडलं, आणि त्यांनी सगळी ओळख बदलली. ‘इशिकावा शिकले’ होतं तिथे ‘शिकल्या’, ‘प्राध्यापक झाले’ होतं तिथे ‘झाल्या’, ‘म्हणाले’च्या जागी ‘म्हणाल्या’. ‘ते’ची ‘त्या’ झाली. ‘इशिकावा यांनी मांडले’, ‘त्यांना वाटे’, ‘त्यांचा आग्रह असे’ ही वाक्यं मात्र जशीच्या तशी राहिली, कारण त्यांत बदलण्यासारखं काही नव्हतंच. एवढं ध्यानात ठेवा, खाली त्याचाच उपयोग आहे.

मी आक्षेप कळवला. उत्तर आलं की शब्दकोशात अर्थ स्पष्ट आहे. मजकुराशेजारी फोटो पुरुषाचा आहे हे दाखवलं, तर फोटोच चुकीचा लागला असेल असं सांगण्यात आलं. पुस्तिका तशीच छापली, भिंतीवरचा तक्ताही त्याच मजकुरावरून झाला, आणि जपानी पाहुण्यांना मराठी कुठे वाचता येतं म्हणून विषय मिटवला. पण ती पुस्तिका जपान्यांसाठी नव्हतीच. ती मराठी कामगारांनी वाचायची होती. ज्या माणसाची पद्धत रोज वापरायची, तो बाई होता की पुरुष एवढं तरी त्यांना बरोबर सांगायला हवं, हे माझं म्हणणं आजही तेच आहे. शब्दकोशातला अर्थ नावाचं लिंग ठरवत नाही. मराठीत ठरवत नाही, जपानीत तर नाहीच.

जपानीत अर्थापेक्षा शब्दाचं रूप बघायचं असतं. ‘काओरू’ हे क्रियापद आहे, दरवळणे. ‘काओरी’ हे त्याचं नाम, दरवळ. क्रियापदाचं मूळ रूप जसंच्या तसं नाव म्हणून ठेवायची चाल पुरुषांच्या नावांत भरपूर दिसते: मिनोरू (फळणे), मामोरू (राखणे), सातोरू (उमगणे), वातारू (पार होणे), नोबोरू (चढणे). त्याच शब्दाचं इकारान्त नाम झालं की ते बहुधा बाईचं होतं: मिनोरी, हिकारी, काओरी. म्हणजे रूपाकडे पाहिलं तर काओरू उलट पुरुषांच्या रांगेत बसतं. तरी ते आणि हिकारू ही दोन्ही बायकांनाही सर्रास ठेवतात. म्हणून ‘काओरी’ वाचलंत तर बाई धरायला हरकत नाही. ‘काओरू’ वाचलंत तर काहीच धरू नका. आणि शेवटचं अक्षर नीट बघा, कारण घाईत टाइप केलेल्या निरोपात ‘री’चा ‘रू’ झालेला असू शकतो.

सुगंध आणि पुरुष ही जोडी जपान्यांना नवी नाही. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मुरासाकी शिकिबू या दरबारातल्या लेखिकेने लिहिलेल्या गेंजीच्या कथेत शेवटच्या भागाचा नायक काओरू नावानेच ओळखला जातो. त्याच्या अंगालाच जन्मापासून सुगंध. त्याचा प्रतिस्पर्धी निओऊ हा राजपुत्र, तो मागे पडू नये म्हणून कपड्यांना धूप देतो. धुपाची मिश्रणं करणं ही त्या दरबारात पुरुषांचीही कला होती.

आता लेखन. जपानीत नावं बहुधा चिनी चित्राक्षरांत लिहितात, आणि काओरू हे अख्खं नाव एकाच अक्षरात मावतं; पण ते अक्षर प्रत्येकाचं वेगळं असू शकतं. वर्णन करते, व्हिजिटिंग कार्डाशी ताडून बघा.

सगळ्यात ओळखीचं अक्षर म्हणजे वर गवताचं चिन्ह आणि तळाशी विस्तवाचे चार ठिपके असलेलं. सोळा रेघांचं. चिनी वळणाचा त्याचा उच्चार ‘कुन’. फोनवर अक्षर सांगताना जपानी माणूस ‘कुंपूमधला कुन’ असं म्हणतो. कुंपू म्हणजे उन्हाळ्याच्या सुरुवातीला कोवळ्या पालवीतून येणारी झुळूक, म्हणून हे अक्षर मे महिन्याशी जोडलेलं. फुटबॉलपटू काओरू मितोमा यांचा जन्म २० मे १९९७ चा आणि अक्षरही हेच. आधुनिक जपानी रंगभूमीचे काओरू ओसानाई (१८८१–१९२८), ज्यांनी १९२४ मध्ये त्सुकिजीचं छोटं नाट्यगृह उभारण्यात पुढाकार घेतला, तेही याच अक्षराचे. गो हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा पटावरचा खेळ खेळणारे काओरू इवामोतो (१९०२–१९९९) हेही. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमाच्या बाहेर त्यांचा होनिन्बो किताबाचा डाव चालू होता, बॉम्ब पडला, पट विस्कटला, आणि दोघांनी तो पुन्हा मांडून डाव पुरा केला.

याच अक्षराचं एक जुनं रूप आहे, मधल्या भागात किंचित वेगळं. नेहमीच्या अक्षराचा युनिकोड क्रमांक (संगणक अक्षर ज्यावरून ओळखतो तो) ८५एबी, जुन्याचा ८५बी०. दोन्ही नावांत चालतात, पण संगणकाला ती दोन वेगळी अक्षरं आहेत. एकाच्या जागी दुसरं पडलं तर शोधात नाव सापडत नाही, आणि ज्याचं नाव आहे त्याला ते लगेच दिसतं. म्हणून कीबोर्डवर के-ए-ओ-आर-यू टाइप करून समोर आलेल्या यादीतलं पहिलं अक्षर उचलू नका. त्या व्यक्तीच्या मेलखालच्या सहीतूनच कॉपी करा.

दुसरं अक्षर वीस रेघांचं, खालच्या भागात ‘सुगंध’ हे अख्खं अक्षर आणि वर दाट जुळणी. इशिकावांचं हे. मेइजी काळातले (१८६८–१९१२) परराष्ट्रमंत्री काओरू इनोउए (१८३६–१९१५) यांचंही हेच; परदेशी पाहुण्यांसाठी टोकियोत १८८३ मध्ये उघडलेलं रोकुमेइकान हे मेजवान्यांचं भवन त्यांचंच काम. २००९ मध्ये अर्थमंत्री असलेले काओरू योसानो (१९३८–२०१७), कवयित्री आकिको योसानो यांचे नातू, तेही याच अक्षराचे. कार्डावर हे अक्षर दिसलं तर माझा कल पुरुषाकडे जातो, पण तो नुसता कल.

तिसरं, नुसतं ‘सुगंध’ हे नऊ रेघांचं सोपं अक्षर. एकटं आलं तर ते काओरू वाचायचं की काओरी, हे अक्षरावरून कळत नाही. चौथं, उजवीकडे कानासारखी खूण असलेलं, तेही नऊ रेघांचं; ते काओरू, इकू, फुमी असं काहीही असू शकतं. आणि काही जण सरळ हिरागाना या उच्चारानुसार लिहायच्या जपानी लिपीत तीन अक्षरं लिहितात, जसं अभिनेत्री काओरू सुगिता.

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो उच्चाराचा. लंडनच्या २०१२ च्या ऑलिम्पिकमध्ये ज्युडोत ५७ किलो गटाचं सुवर्ण जिंकणाऱ्या मात्सुमोतो यांचं अक्षर मितोमांचंच, चार ठिपक्यांचं, पण त्या काओरी. अक्षर तेच, नाव वेगळं. जपानच्या कोसेकी या कुटुंब-नोंदवहीत अलीकडेपर्यंत नुसतं अक्षर असे, उच्चार नसे. २६ मे २०२५ पासून कायदा बदलला आणि उच्चारही नोंदवला जाऊ लागला. म्हणून जुनी कागदपत्रं भाषांतराला आली की अक्षर बघून उच्चार ठोकून देऊ नये, पासपोर्टवरचं रोमन स्पेलिंग मागवावं.

बायकांची उदाहरणंही कमी नाहीत. १९९३ चं नाओकी पारितोषिक मिळालेल्या कादंबरीकार काओरू ताकामुरा, शंभराहून जास्त खंडांची मालिका लिहिणाऱ्या काओरू कुरिमोतो (१९५३–२००९), ताकाराझुका या फक्त बायकांच्या रंगभूमीवरून चित्रपटात आलेल्या काओरू याचिगुसा (१९३१–२०१९), १९७८ मध्ये जन्मलेल्या मंगाकार (जपानी चित्रकथाकार) काओरू मोरी. मात्र यांतली पहिली तिन्ही लेखनासाठी किंवा रंगमंचासाठी घेतलेली नावं आहेत, आईवडिलांनी ठेवलेली नव्हेत. तेव्हा यांच्याकडे बोट दाखवून ‘बघा, बायकांचंच नाव’ असं कोणी म्हणालं तर ते ऐकू नका.

आता तुमची मेल. सर नको, मॅडमही नको. आडनाव लिहा आणि पुढे ‘सान’ हा आदराचा शब्द जोडा. ते दोघांनाही चालतं. पत्र फारच औपचारिक असेल तर ‘सामा’. धाकट्यांना किंवा जवळच्यांना लावायच्या ‘कुन’ आणि ‘चान’ या शब्दांना हात लावू नका (हा ‘कुन’ वरच्या अक्षराच्या उच्चाराहून वेगळा). जपानी कार्यालयात पहिल्या नावाने हाक मारत नाहीत, त्यामुळे काओरू हे नाव मेलच्या मायन्यात यायचंच कारण नाही. आडनाव कुठलं ते मात्र तपासा. जपान सरकार आपल्या कागदपत्रांत रोमन लिपीतही आडनाव आधी लिहितं, १ जानेवारी २०२० पासून. खासगी कंपन्यांच्या सह्यांत दोन्ही क्रम दिसतात. एखादा शब्द सगळा मोठ्या अक्षरांत असेल तर बहुतेक तेच आडनाव.

खरी अडचण मराठीत लिहिताना येते, कारण आपलं क्रियापद लिंग मागतं. ते टाळता येतं. भूतकाळात ‘यांनी’ची वाक्यं करा (खालच्या उदाहरणांत ‘काओरू’च्या जागी आडनाव घाला): ‘काओरू-सान यांनी ड्रॉइंग पाठवलं’, ‘त्यांनी तपासणी केली’. ‘आले/आल्या’, ‘म्हणाले/म्हणाल्या’, ‘होते/होत्या’ टाळा. ‘त्या काल पोचल्या’ऐवजी ‘त्यांचं काल आगमन झालं’. वर्तमान आणि भविष्यात अडचणच नाही: ‘काओरू-सान सोमवारी येतील’, ‘ऑडिट ते करतात’ असं न लिहिता ‘ऑडिट काओरू-सान करतात’. ‘ते’ आणि ‘त्या’ या दोन शब्दांपासून लांब राहा. ‘त्यांना, त्यांचं, त्यांच्याकडे’ बिनधास्त वापरा. त्या पुस्तिकेतली वाचलेली वाक्यं याच घडणीची होती.

तिकीट आणि हॉटेल यांत मात्र अंदाज चालत नाही. तिथे लिंगाचा रकाना भरावाच लागतो आणि हॉटेलला परदेशी पाहुण्याची नोंद पासपोर्टप्रमाणेच करावी लागते. त्यांच्या कार्यालयाला पासपोर्टच्या फोटोच्या पानाची प्रत मागा. व्हिसाच्या कामासाठी ती लागतेच, त्यामुळे विचारण्यात काही अवघड नाही. नावाच्या रकान्यात ‘सान’ टाकू नका. तिकिटावर ‘काओरूसान’ असं एक नाव छापलं जातं आणि विमानतळावर ते पासपोर्टशी जुळत नाही.

उच्चार: का-ओ-रू, तिन्ही अक्षरं सारख्या वेळाची. शेवटचा ऊकार आपण नियमाने दीर्घ लिहितो, म्हणताना ऱ्हस्व म्हणा. ‘कौरू’ नको, ‘कावरू’ही नको.

विमानतळावर धरायची पाटी जपानीत करणार असाल तर फाइल जपानी फॉन्टमध्ये करा (नोटो सान्स सीजेके जेपी फुकट मिळतो) आणि फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ छापखान्यात द्या. वर्ड फाइल दिलीत तर तिथल्या संगणकावर अक्षराच्या जागी चौकोन येतो, नाहीतर चिनी फॉन्टमधलं वळण येतं. वीस रेघांचं अक्षर असेल तर ते मोठं छापा. लहान पाटीवर त्याच्या वरच्या रेघा एकमेकींत मिसळून काळा ठिपका होतो.