संविधानातील कलम ३० मुळे बहुसंख्याकांवर अन्याय होतो का?

अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था काढून चालवण्याचा वेगळा हक्क देणे हा बहुसंख्याकांवर अन्याय नाही का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो अन्याय नाही. कलम ३० धार्मिक अल्पसंख्याकांइतकेच भाषिक अल्पसंख्याकांचेही आहे, ही गोष्ट या वादात सहसा सांगितली जात नाही, आणि मराठी माणसाने तरी ती विसरू नये. टी. एम. ए. पै खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने अल्पसंख्याक कोण, हे राज्यनिहाय ठरवावे असे सांगितले. त्यामुळे महाराष्ट्रात बहुसंख्य असलेला मराठी भाषक बेळगावात याच कलमाचा आधार घेऊ शकतो. शिक्षणसंस्था काढण्याचा हक्क कलम १९ आणि २६ खाली सर्वांनाच आहे, हेही त्याच निकालात स्पष्ट झाले.

याच संदर्भात देवळालीच्या बार्न्स हायस्कूलचे प्रकरण मला फार महत्त्वाचे वाटते. ज्यांची भाषा इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांना इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी प्रवेश देऊ नये, असा आदेश मुंबई सरकारने जानेवारी १९५४ मध्ये काढला आणि त्यातून अँग्लो-इंडियन व बिगर-आशियाई वंशाच्या मुलांना तेवढे वगळले. त्यामुळे एका भारतीय ख्रिस्ती आणि एका गुजराती हिंदू विद्यार्थ्याला प्रवेश नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी हा आदेश रद्द ठरवला, कारण सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांमुळे प्रवेश नाकारता येणार नाही, असे सांगणारे कलम २९(२) प्रत्येक नागरिकासाठी आहे, मग तो बहुसंख्याक असो वा अल्पसंख्याक.

कलम ३० चा हक्कही अनिर्बंध नाही. गुजराती भाषक अल्पसंख्याकांच्या संस्थांनी शाळेतील मराठीच्या सक्तीला आव्हान दिले, तेव्हा २००४ साली उषा मेहता खटल्यात महाराष्ट्र सरकारचे धोरण न्यायालयाने कायम ठेवले. केवळ सरकारी नियम टाळण्यासाठी अल्पसंख्याक दर्जा मिळवणाऱ्या संस्थांची कठोर छाननी व्हावी, असे मलाही वाटते. परंतु इतर संस्थांना सरकारी नियंत्रण जाचक वाटत असेल, तर ते सैल करण्याची मागणी करावी. कलम ३० रद्द केल्याने त्या संस्थांवरील एकही निर्बंध कमी होणार नाही.