मालकाची चंदी, मालकाचाच घोडा

मागच्या लेखात व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या एका खेड्याचं काल्पनिक उदाहरण घेतलं होतं. स्टेशनाहून भाड्याच्या घोडागाडीने एक बाई घरी येतात, दागिन्यांची पेटी गाडीतच राहते, दुसऱ्या दिवशी ती सापडत नाही आणि आळ गाडीवानावर येतो. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतो.

पेटी बाईच विसरल्या. गाडीवानाने ठेवून घेतली तर ती चोरी कशी? सापडलेली वस्तूच ना ती?

रस्त्यात सापडणं वेगळं आणि गाडीत राहणं वेगळं. १८४९ च्या थर्बॉर्न खटल्यात एकाला रस्त्यावर बेवारस नोट सापडली. ती कुणाची हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं, तरी त्याने ती मोडून खाल्ली. तो सुटला, कारण उचलताना मालक सापडेल असं मानायला त्याच्याकडे काही आधार नव्हता. गाडीवानाला ही पळवाट नाही. बाईंना कुठून घेतलं, कुठे सोडलं हे त्याला ठाऊकच असतं. प्रवाशाची राहिलेली पेटी गिळंकृत करणाऱ्या गाडीवानाला चोरच म्हणायचं, हे १७८६ च्या एका खटल्यापासून चालत आलं होतं.

लंडनमध्ये १८५३ पासून राहिलेली वस्तू चोवीस तासांत पोलिसांकडे जमा करावी लागे. तो नियम त्या शहरापुरता होता. खेड्यातला गाडीवान “उद्या नेऊन देणारच होतो” म्हणे, आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ऐकणाऱ्याच्या मर्जीवर.

नोकराने केलेली चोरी म्हणून शिक्षा जास्त व्हायची का?

हो. १८६१ च्या चोरीच्या कायद्यातलं कलम ६७ आपल्याच मालकाकडे चोरी करणाऱ्या नोकराला १४ वर्षांपर्यंत सक्तमजुरी देई, साध्या चोरीपेक्षा कितीतरी जास्त. पण भाड्याचा गाडीवान नोकर कुणाचा? १८४० चा क्वार्मन विरुद्ध बर्नेट हा खटला चोरीचा नाही, अपघाताचा आहे, तरी इथे तो उपयोगी पडतो. दोन वयस्क बहिणींची स्वतःची बग्गी होती, पण घोडे आणि गाडीवान भाड्याचे. गाडीवान नेहमी तोच, अंगावर या बहिणींनी दिलेला कोट आणि टोपी. एकदा तो टोपी ठेवायला घरात गेला आणि घोडे उधळले. भरपाई बहिणींनी द्यायची का? कोर्ट म्हणालं, नाही, तो घोडे भाड्याने देणाऱ्यांचा नोकर. हाच हिशेब लावला तर आपल्या उदाहरणातल्या गाडीवानाला ‘बाईंचा नोकर’ ठरवणं अवघड. त्याने गाडीच्या मालकाचाच लगाम विकला असता, तर मात्र कलम ६७ सरळ लागलं असतं.

हीच कल्पना आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३८१ म्हणून आली, शिक्षा सात वर्षांपर्यंत. आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम ३०६ आहे.

गावचा जमीनदारच न्यायाधीश, हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं. बिनपगारी मॅजिस्ट्रेट बहुधा जमीनदार किंवा पाद्री असत. १८५५ नंतर पाच शिलिंगांच्या आतली चोरी, आरोपीची संमती असेल तर, तेच निकाली काढत. १८७९ मध्ये ही मर्यादा ४० शिलिंग झाली. दागिन्यांची पेटी मात्र ज्यूरीपुढेच जाणार.

गाडीवान शपथेवर आपली बाजू का सांगत नाही?

कारण त्याला तशी मुभाच नव्हती! आरोपीला शपथेवर साक्ष देता येऊ लागली ती १८९८ च्या कायद्याने. त्याआधी त्याचं म्हणणं बिनशपथेचं. १८३६ पासून वकील ज्यूरीपुढे त्याच्या बाजूने भाषण करू शके, पण वकिलाची फी कुठून आणायची?

मी कथा लिहिते आहे. त्यात गाडीवान मालकाच्या कोठारातले ओट्स चोरून मालकाच्याच घोड्यांना घालतो. हा गुन्हा कसा होईल?

इतका सुंदर प्रश्न क्वचित येतो. मालक कंजूष, चंदी मोजून देणारा. आणि घोडे तुकतुकीत दिसावेत ही गाडीवानाची शान. त्यामुळे असले प्रकार खरोखर घडत. १८१६ च्या मॉर्फिट खटल्यात नोकराने मालकाच्या घोड्यांसाठी मालकाचेच घेवड्याचे दाणे नेले होते. बहुतेक न्यायाधीशांनी ती चोरीच ठरवली. यात नोकराचा फायदा काय? काही न्यायाधीशांनी तोही शोधला: घोड्याला जास्त खुराक मिळाला की त्याची निगा राखणाऱ्याचे कष्ट कमी! मला हा तर्क आजही ओढूनताणून आणलेला वाटतो. ज्याने कधी खरारा केला नाही, त्यालाच तो सुचावा.

शेवटी १८६३ मध्ये पार्लमेंटने वेगळा कायदा केला. मालकाचा हुकूम मोडून त्याच्याच जनावरांना दाणा घातला तर ती चोरी नाही. फार तर तीन महिने कैद किंवा पाच पौंड दंड. तेव्हा कथेचं साल नीट ठरवा. १८६२ असेल तर तुमचा गाडीवान चोर. १८६४ असेल तर तीन महिन्यांवर निभावेल.