वहीतल्या फुल्या आणि गोळे

प्रश्न : माझा मुलगा कोल्हापुरात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय गणित. बारावीला 84 टक्के होते. कॉलेजकडून आणि तालमीच्या संघातून फुटबॉल खेळायचा. डिसेंबरात मॅचमध्ये गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. एका परीने बरंच झालं, आता तरी अभ्यासाला लागेल, असं वाटलं होतं. पण तो म्हणतो, कोच व्हायचंय. विद्यापीठाच्या संघापुढे जो खेळला नाही, त्याला कोच म्हणून कोण विचारणार? गणिताच्या वह्यांची मागची पानं फुल्या-गोळ्यांनी भरून ठेवलीत. बूट मी माळ्यावर टाकलेत. एमपीएससीच्या क्लासची फी महिनाअखेर भरायची आहे. त्याला चार शब्द समजावा.
(एक वडील, कोल्हापूर)

उत्तर : दादा, तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा 'एका परीने बरंच झालं' इथे अडखळले. हे तुम्ही त्याच्यासमोर बोललात का? बोलला असाल तर आधी ते मागे घ्या, करिअरचं नंतर बघू. शाहू स्टेडियम भरलेलं असताना तालमीची जर्सी घालून मैदानात उतरणं म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला मी सांगायला नको. ते ज्याच्या हातून गेलंय, तो उशीवर पाय ठेवून पडलाय आणि घरात कुणाला तरी सुटल्यासारखं वाटतंय, हे त्याला कळत असणारच. लिगामेंटच्या ऑपरेशननंतर खेळायला परतायचं तर साधारण नऊ महिने तरी जातात. रोजचे व्यायाम दुखतात, कंटाळा आणतात, आणि ते टाळले तर गुडघा जन्माचा कच्चा राहतो. तुमच्या पत्रात क्लासच्या फीचा उल्लेख आहे, फिजिओथेरपीचा एकदाही नाही. मला काळजी याची वाटते.

आता त्या वह्या. फुल्या म्हणजे आपले खेळाडू, गोळे म्हणजे समोरचे, असंच बहुधा असेल. मधे बाणही असतील. रागाने मिटलेली वही परत उघडा आणि त्याला एखादं पान समजावून सांगायला लावा. डावा बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, पुढे गेला की मागे जागा कुठे उघडी पडते, ती कोणी झाकायची, हे तो मांडत असणार. अंथरुणावर पडल्या पडल्या पोरगा हरलेली मॅच पुन्हा सोडवतोय. याला टाइमपास म्हणू नका. कोच हेच काम करतो. शिवाय मोठ्या क्लबांत आता सामन्यांचे व्हिडिओ आणि आकडे तपासायला वेगळी माणसं असतात. गणिताचा पदवीधर तिथे उपरा ठरत नाही.

'मोठा खेळाडू नाही तर कोच कसला' हा समज मात्र मनातून काढून टाका. 2023 मध्ये जर्मनीचे राष्ट्रीय प्रशिक्षक झालेले युलियन नागेल्समान यांचं खेळणं विशीतच गुडघ्याच्या दुखापतीने संपलं. व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळाडू म्हणून त्यांचं नावही नव्हतं. प्रतिस्पर्धी संघांचा खेळ बघून टिपणं काढण्याच्या कामापासून ते वर आले आणि 2016 मध्ये, वयाच्या 28व्या वर्षी, जर्मनीतल्या होफनहाइम क्लबचे मुख्य प्रशिक्षक झाले. इतक्या लांब जायचं नसेल तर हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम घ्या. पेशाने शिक्षक. त्यांच्या हाताखाली भारताने 1951 आणि 1962 ची आशियाई सुवर्णपदकं जिंकली आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. आपल्या फुटबॉलचा सर्वात चांगला काळ एका मास्तराने घडवला. खेळणं आणि शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

पैशाची तुमची भीती खोटी नाही. 2025 मध्ये इंडियन सुपर लीग या देशातल्या मोठ्या फुटबॉल स्पर्धेचा हंगाम ठरल्या वेळी सुरूच झाला नाही. क्लबांवर अवलंबून असलेल्यांचे हाल झाले. म्हणून पदवी पूर्ण व्हायलाच हवी, यात तडजोड नाही. पुढे बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) केलं तर शाळेत नोकरीची वाट राहते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविकाही आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कोचिंग लायसन्सची पायरी 'डी'पासून सुरू होते, मग सी, बी, ए आणि प्रो. मधल्या काळात प्रत्यक्ष संघ हाताळावा लागतो, त्यामुळे सगळं दोन वर्षांत उरकत नाही. 'डी'च्या कोर्सलाही स्वतः मैदानात उतरावं लागतं, तेव्हा गुडघा बरा झाल्यावरच.

पण यातलं काहीही करण्याआधी त्याला पेठेतली दहा-बारा वर्षांची पोरं द्या. डॉक्टर हो म्हणाले की रविवारी सकाळी तासभर, दोन महिने. नीट चालता येत नसेल तर खुर्चीवर बसून शिकवू दे. पायाच्या आतल्या बाजूने पास द्यायला शिकवताना चौथ्यांदा चेंडू भलतीकडे गेला की चांगल्या खेळाडूंचं डोकं फिरतं. 'सोड, मी दाखवतो' म्हणून ते स्वतःच खेळायला लागतात. तुमचा मुलगा पाचव्यांदा शांतपणे चेंडू त्या पोराच्या पायाशी आणून ठेवतो का, ते तुम्ही स्वतः जाऊन बघा. त्याचा संयम सुटत असेल तर ते त्यालाही दिसेल, आणि मग एमपीएससीचा विषय तोच काढेल.

राहिली फी. महिनाअखेर ती भरू नका. बॅचेस पुढेही निघतात, आणि मनाविरुद्ध बसवलेला मुलगा त्या परीक्षेत टिकत नाही, हे मी माझ्यासमोरच्या खुर्चीत अनेकदा पाहिलंय. तेवढ्या पैशातून आधी फिजिओचे हप्ते भरा. आणि बूट माळ्यावरून खाली काढा, चामडं कडक पडायच्या आत.