मुंडगोडला निघालात? शब्दांची यादी पाठ करायला देऊ नका

ताई, तुम्ही तीन महिने कर्नाटकातल्या मुंडगोडच्या तिबेटी मठात भिक्षूंना इंग्रजी शिकवायला निघालाय, त्यांना धर्मावर बोलता यायला हवंय आणि व्याकरणाचं पुस्तक कुठलं न्यावं असं विचारताय. वाचून हसूच आलं. हाच प्रश्न डोक्यात घेऊन मीही एकदा हुबळीला उतरलो होतो.

पुस्तक कुठलंही न्या. माझं घोडं अडलं ते दुसरीकडेच.

ज्या संस्थेनं मला पाठवलं (नाव घेत नाही) तिनं हातात बालवाडीचं चित्रांचं पुस्तक ठेवलं. समोर कोण, तर नागार्जुन, चंद्रकीर्ती, धर्मकीर्ती या जुन्या बौद्ध आचार्यांचे ग्रंथ वर्षानुवर्षं घोकलेले, गेशे या त्यांच्या मठातल्या मोठ्या पदवीच्या वाटेवरचे लोक. त्यांना 'धिस इज अ कॅट' म्हणायला लावायची मला लाज वाटली. मग एका रात्रीत मीच दोनशे शब्दांची यादी केली. एक तिबेटी शब्द, त्यासमोर एक इंग्रजी. तिबेटी येत नव्हतं, पण संस्कृत थोडं कळायचं, तेवढ्यावर शहाणपणा. 'तोंगपा-ञी' म्हणजे शून्यता, शून्य म्हणजे काहीच नाही, म्हणून लिहिलं 'नथिंगनेस'.

ही मंडळी लहानपणापासून अख्खे ग्रंथ पाठ करतात. माझी यादी आठवड्यात तोंडपाठ! मी खूश. दोन महिन्यांनी परदेशी पाहुणे आले. एकानं शून्यतेबद्दल विचारलं आणि माझ्या सगळ्यात हुशार विद्यार्थ्यानं खणखणीत आवाजात सांगितलं, 'नथिंग एक्झिस्ट्स.' नागार्जुनानं जो उच्छेदवाद, म्हणजे 'काहीच नाही' हे मत, नाकारला तोच, माझ्या कृपेनं, त्याच्याच माध्यमिक पंथातल्या भिक्षूच्या तोंडून. पाहुण्यांनी माना डोलावल्या आणि वहीत लिहून घेतलं. त्याला म्हणायचं होतं की घडा आहे, पण माती, कुंभार, चाक सोडून स्वतःच्या जोरावर उभा असलेला असा नाही. तिबेटीत विचारलं असतं तर यावर तासभर बोलला असता. यादीतला शब्द मी खोडला, त्याच्या तोंडातला शेवटपर्यंत गेला नाही.

त्यानंतर मी संध्याकाळी मठाच्या अंगणातल्या वादाला, म्हणजे त्यांच्या शास्त्रचर्चेला, जाऊन बसायला लागलो. उत्तर देणारा बसलेला, विचारणारा उभा, टाळी वाजवून प्रश्न टाकणारा. बसलेल्याला ठरलेली मोजकी उत्तरं: मान्य, का, हेतू (दिलेलं कारण) सिद्ध नाही, व्याप्ती नाही (कारणावरून ते ठरत नाही). 'डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर आहे' हे आपल्याकडच्या न्यायशास्त्रातलं उदाहरण ऐकलं असेल तर तुम्हाला ते ओळखीचं वाटेल. हीच चार उत्तरं इंग्रजीत दिली: 'आय अ‍ॅक्सेप्ट', 'व्हाय?', 'द रीझन इज नॉट एस्टॅब्लिश्ड', 'इट डझन्ट फॉलो'. मग त्यांचाच पहिल्या वर्षाचा धडा घेतला. रंग असला की तो लालच असतो का? नाही? मग उदाहरण दे. पांढऱ्या शंखाचा रंग! इफ, बिकॉज, नेसेसरिली हे सगळं भांडता भांडता बसलं. शून्यतेला 'एम्टिनेस' हा रूढ शब्द आहे, तो द्या, पण लगेच 'एम्टी ऑफ व्हॉट?' विचारा. उत्तर पूर्ण वाक्यातच घ्यायचं. एका शब्दावर कुणालाही सोडू नका.

मी काही भाषातज्ज्ञ नाही, अनुभव एकाच मठाचा. भिक्षुणींना मी शिकवलेलं नाही, तिथलं वेगळं असू शकेल. तरी माझं ठाम मत आहे की क्रियापदांचे काळ आणि 'अ, अ‍ॅन, द' यांच्यावर पहिला महिना घालवणं हा शुद्ध वेळेचा अपव्यय. तिबेटीतही क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं, त्यामुळे त्यांच्या चुका तुम्हाला पटकन कळतील. 'फॅन'मधला फ त्यांच्या भाषेत नाही, 'फळ'मधला आहे. म्हणजे 'फिलॉसॉफी' हा शब्दच वाकडा येतो. येऊ द्या.

तुम्ही नागपूरच्या विहारातून पाली शिकलाय म्हणता. छान. पण त्यांच्या ग्रंथांचं मूळ बहुतेक संस्कृतात आहे, तेव्हा 'कर्म नव्हे, कम्म म्हणा' असं सांगायला जाऊ नका. हा आगाऊपणाही मीच करून बसलोय.

सोबतच्या जर्मन मैत्रिणीला तिबेटी वसाहतीत राहायला वेगळा परवाना लागेल, आपल्याला लागत नाही. तिला आजच अर्ज करायला सांगा. आणि लोसर, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतं. त्या दिवसांत वर्ग धरू नका, कुणी येणार नाही.