मॅनेजर म्हणतो धर्म मानत नाही, मग ही पूजा कशाची?

प्रश्न : ताई नमस्कार, माझी मुलगी जपानला नागोयाजवळ गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे. त्यांच्या नव्या शेडच्या जागेवर चार कोपऱ्यांना बांबू रोवून, पुजारी बोलवून रीतसर पूजा झाली, सगळे साहेब माना खाली घालून उभे. आणि तोच मॅनेजर तिला म्हणतो मी कुठलाच धर्म मानत नाही. हे काय गौडबंगाल?
– एक बाबा, चिंचवड

उत्तर : काका, मॅनेजर अगदी खरं बोलतोय. त्या पूजेला तिकडे जिचिनसाई म्हणतात, ती शिंतोची, म्हणजे जपानच्या मूळ धर्माची रीत. बांबूंना दोरी बांधतात, दोरीला पांढऱ्या कागदाच्या घड्या लटकवतात, मध्ये तांदूळ, मीठ, पाणी, साके (तांदळाची दारू), भाज्या, मासा असा नैवेद्य मांडतात आणि मग मालक नाहीतर कॉन्ट्रॅक्टर वाळूच्या छोट्या ढिगात लाकडी कुदळ मारतो, तीनदा, "एइ, एइ, एइ" करत. जमिनीच्या देवाची परवानगी घ्यायची, कामात अपघात होऊ नये म्हणून मागणं मागायचं, एवढाच विषय. काचेच्या टॉवरवाल्या मोठमोठ्या कंपन्यासुद्धा हे चुकवत नाहीत.

आणि तुमचाच प्रश्न तिथल्या कोर्टातही गेलेला आहे बरं का. नागोयापासून फार लांब नाही, त्सू नावाचं शहर आहे, तिथल्या नगरपालिकेने १९६५ मध्ये व्यायामशाळेसाठी अशीच पूजा केली, पुजाऱ्यांची दक्षिणा आणि नैवेद्य मिळून ७,६६३ येन सरकारी तिजोरीतून दिले, तर एका नगरसेवकाने केस टाकली की राज्यघटनेत धर्म आणि सरकार वेगळे ठेवलेत मग हे कसं चालतं. नागोयाच्या हायकोर्टाने १९७१ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला, पण १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने फिरवला, म्हणाले ही समाजातली रूढ रीत आहे, धर्माचा प्रसार नाही. काही न्यायमूर्तींना हे पटलं नव्हतं, आणि मला त्यांचं म्हणणं पण समजतं, कारण १९४५ पर्यंत सरकारने शिंतोच्या नावावर लोकांवर काय काय लादलं ते त्यांच्या डोळ्यासमोर होतं. पण सामान्य माणूस आजही सुप्रीम कोर्टासारखाच विचार करतो असं मला वाटतं.

कारण बघा ना, श्राइनमध्ये, म्हणजे शिंतोच्या देवळात, ना दर आठवड्याला प्रवचन, ना तुम्ही काय मानता असं कोणी विचारत. देशभर ८० हजारांच्या आसपास श्राइन आहेत, आणि माणूस तिथे आयुष्यातल्या ठराविक वळणांवर जातो. बाळ महिन्याचं झालं की आजी त्याला घेऊन जाते. तीन, पाच, सात वर्षांची झाली की नोव्हेंबरमध्ये पोरं किमोनो घालून जातात, फोटो निघतात, लांबच लांब गोळ्यांची पिशवी मिळते. परीक्षा आली की तेन्जिनकडे. हा तेन्जिन म्हणजे सुगावारा नो मिचिझाने, खराखुरा विद्वान दरबारी, राजकारणात क्योटोहून दाझाइफूला हद्दपार झाला, तिकडेच ९०३ मध्ये वारला, नंतर राजधानीत आपत्ती यायला लागल्या तेव्हा लोकांनी त्याचा कोप समजून त्याला देव केलं, आणि आज त्याच्याकडे पोरं लाकडी पाटीवर "अमुक कॉलेजात नंबर लागू दे" लिहून टांगतात. त्या पाट्या वाचताना घसा दाटतो हो, कुठे कुठे आईचं अक्षर असतं. लग्न शिंतो पद्धतीने नाहीतर हल्ली चर्चमध्ये, अंत्यविधी मात्र बहुतेक बौद्ध. एकाच घरात हे सगळं नांदतं, कोणाला खटकत नाही. नवीन वर्षाच्या पहिल्या तीन दिवसात टोकियोच्या एकट्या मेइजी जिंगू या श्राइनला ३० लाखांच्या आसपास माणसं जातात, त्यातले कितीतरी जण तुमच्या मॅनेजरसारखेच, धर्म विचारला तर "नाही" म्हणणारे. मुलीला म्हणावं तिनेही बिनधास्त जावं, परक्यांना बंदी नसते. कमानीत शिरताना किंचित वाकायचं, रस्त्याच्या मधोमध चालायचं नाही (तो देवाचा), हात धुवायचे, नाणं टाकायचं, दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, मनातलं मागणं, परत एकदा नमस्कार. इझुमोच्या श्राइनला गेली तर टाळ्या चार.

प्रश्न : आम्ही योकोहामात राहतो. गेल्या महिन्यात इकडेच सासूबाई वारल्या. शेजारच्या जपानी आजी म्हणाल्या, आता काही दिवस श्राइनला जाऊ नका. आजींना आपलं सुतक कसं माहीत?
– एक सून

उत्तर : आधी तुमच्या दुःखात सहभागी आहे. आजी त्यांच्याच रीतीचं सांगतायत. शिंतोत मृत्यूचा विटाळ धरतात, सुतकासारखाच, फक्त मुदत मोठी, साधारण पन्नास दिवस. तेवढे दिवस कमानीच्या आत जात नाहीत, बौद्ध देवळात गेलं तर चालतं. पुष्कळ घरांत त्या वर्षी नवीन वर्षाचं दर्शनही टाळतात आणि आधीच पोस्टकार्ड पाठवून कळवतात की यंदा आमच्याकडून शुभेच्छापत्र येणार नाही. तुमच्यावर सक्ती कोणी करणार नाही, पण आजींनी आपलं समजून सांगितलंय, त्यांचा मान ठेवा. पुढे मन शांत झालं की एनोशिमा बेटावर नक्की जाऊन या, योकोहामाहून जवळ आहे आणि तिथली बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वतीच, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे पोचलेली, हातात वीणेसारखं वाद्य घेऊन.

प्रश्न : भाच्याने टोकियोच्या कान्दा म्योजिनहून कॉम्प्युटर सांभाळणारा ताईत आणलाय. किती दिवस ठेवायचा, उघडून बघितला तर चालेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : उघडू नका. वर्षभर जवळ ठेवतात, मग श्राइनला परत देतात, तिथे मंत्र म्हणून जाळतात. काही श्राइन पोस्टाने पण घेतात, नाहीतर भाचा परत गेला की त्याच्याकडेच द्या.