तुम्ही आजारी नाही, पण चित्राला गुरू करू नका

भाऊ, तुम्ही यवतमाळकडच्या खेड्यात राहता, लग्न झालंय, घरात आईवडील आहेत. दोर, चामडं, उंच टाचा असलेली जुनी अमेरिकन रेखाचित्रं तुम्हाला ओढ लावतात, तशी तुम्ही वहीत काढताही. हा आजार आहे का आणि बायकोला कसं सांगू, असं विचारलंत. मी बाई आहे, अशाच गावात नांदते, आणि आम्हा नवराबायकोत ही आवड बऱ्याच वर्षांची आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

आजार नाही. १८८६ साली क्राफ्ट-एबिंग या डॉक्टरने आपल्या ग्रंथात अशा आवडींची विकृती म्हणून मांडणी केली आणि तो शिक्का फार काळ टिकला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या रोगसूचीत फेटिश, म्हणजे एखाद्या वस्तूची लैंगिक ओढ, किंवा सज्ञानांमधला राजीखुशीचा सॅडोमॅसोकिझम, म्हणजे वेदना देण्याघेण्यातलं सुख, हा आजार उरलेला नाही. जबरदस्ती मात्र तिथेही विकारच आहे. या ओढीमुळे झोप, काम, संसार बिघडत असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. एसटी स्टँडच्या भिंतींवर जाहिराती करणाऱ्या गुप्तरोगवाल्यांना एक रुपयाही देऊ नका.

आता चित्रं. तुम्ही वर्णन केलेली ती सतत पळवली जाणारी सोनेरी केसांची मुलगी म्हणजे जॉन विली या चित्रकाराची ग्वेंडोलिन असणार. विलीने १९४६ मध्ये 'बिझार' हे नियतकालिक सुरू केलं. त्यात चित्रांइतकीच महत्त्वाची होती वाचकांची पत्रं. आपण एकटेच असे आहोत असं समजून बसलेली माणसं तिथे पहिल्यांदा एकमेकांना सापडली. आपल्याकडे र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं देत, आणि त्या उत्तरांवरून खटला झाला तेव्हा १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरले, पण असं काही विचारायची लाज बाळगू नये, यासाठी मला ती गोष्ट पुरते.

न्यूयॉर्कचे आयर्विंग क्लॉ गिऱ्हाइकांच्या फर्माइशीप्रमाणे बेटी पेज या मॉडेलचे बांधलेले फोटो काढून टपालाने विकत. त्यांत नग्नता नसे. १९५५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीने त्यांना धारेवर धरलं आणि पुढे बऱ्याच निगेटिव्ह नष्ट झाल्या. क्लॉ यांच्या बहिणीने, पॉलाने, काही वाचवल्या म्हणून आज ते फोटो दिसतात. पण बघा, मॉडेलला बांधायचं काम बऱ्याचदा हीच पॉला करायची. बेटी तिथे पगारी कामाला आलेली असायची, काम संपलं की दोर सुटायचा. फोटोत यातलं काहीच येत नाही, दिसते फक्त कैदेतली बाई. ग्वेंडोलिनला तर कथेत कोणी कधी विचारतच नाही. कल्पनेत ते चालतं, मला स्वतःला विलीची रेषा फार आवडते. पण त्यावरून घरात वागायचं कसं, हे शिकता येत नाही.

त्यापेक्षा टॉम ऑफ फिनलंड या फिनलंडच्या चित्रकाराचं काम बघा. त्याची चित्रं पुरुषांची आहेत, १९५७ पासून अमेरिकेत छापून आली, आणि २०१४ मध्ये फिनलंडच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. त्याची माणसं हसतात, दोघांनाही ते हवंय हे चेहऱ्यावर दिसतं. सुरक्षित, शुद्धीत आणि संमतीने हा नियम शब्दांत आला तो १९८३ च्या सुमारास, न्यूयॉर्कमधल्या समलिंगी पुरुषांच्या एका संघटनेत. जुन्या चित्रकारांपाशी हे शब्द नव्हते. तुमच्यापाशी आहेत.

आणि खरी अडचण इथेच आहे. तुमची बायको तुमच्या घरात सून आहे. माहेर लांब, पैसा तुमच्या हाती, भिंतीपलीकडे सासू. अशा घरात बाईचं 'हो' कितीदा नुसतं भांडण नको म्हणून असतं, हे मी बायकांत बसून ऐकत आले आहे. म्हणून आधी तिचा नकार सोपा करा. रात्री अंथरुणात हा विषय काढू नका. दिवसा, वावरात दोघंच असताना काढा. मोबाइल पुढे करू नका. आधी तिला काय आवडतं, काय नकोसं होतं ते विचारा आणि ऐकून घ्या. मग आपलं सांगा, आणि 'नाही म्हणालीस तरी आपल्यात काही बदलणार नाही' हे म्हणा आणि पाळा. नकारानंतर चार दिवस अबोला धरलात तर ती शिक्षा झाली, पुढचं 'हो' मग भीतीचं. एकदा 'हो' म्हटलं म्हणजे कायमचं, असंही नाही.

ती मनापासून राजी झालीच तर गुराचं नायलॉनचं दावं वापरू नका, ते कातडी सोलतं आणि गाठ आवळते. सुती दोर घ्या. गळ्याला दोर कधीच नाही. कात्री हाताशी ठेवा. हाताला मुंग्या आल्या किंवा बोटं बधिर झाली की लगेच सोडा, नस दुखावली तर हात महिनोन्‌महिने कामाचा राहत नाही. बांधलेल्या माणसाला सोडून उठायचं नाही. थांबायचा एक शब्द आणि हाताची एक खूण आधी ठरवा. मोहाची पिऊन तर मुळीच नाही. १०८ ची गाडी आपल्या गावात यायला वेळ लागतो. हे भय नवं नाही. कुंतल देशाच्या शातकर्णी सातवाहन राजाने रतिक्रीडेतल्या प्रहाराने राणी मलयवतीला मारलं, ही नोंद वात्स्यायनाने कामसूत्रात धोक्याची सूचना म्हणूनच केली आहे. आजचा कायदाही जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल अशा कृत्यात संमतीची ढाल मानत नाही.

तुमच्या वहीचं म्हणाल तर काढत राहा, कुलपात ठेवा. गावातल्या कुणाचा चेहरा त्यात आणू नका, आणि अठरा वर्षांखालचं कुणी तर कल्पनेतही नको. व्हॉट्सअ‍ॅपवर मित्रांना पाठवू नका. उघड लैंगिक मजकूर पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७अ कलमात येतं, पहिल्याच वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. बायकोचे फोटो तर मोबाइलमध्ये काढूच नका. तोच मोबाइल पोरं खेळायला घेतात आणि बिघडला की तालुक्याच्या दुकानात जातो.